महामारीतली जमावबंदी आणि निदर्शनांचा हक्क: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोविडचे निर्बंध उठून बराच काळ लोटला, तरी हे प्रश्न यायचे थांबलेले नाहीत. काहींच्या मागे तेव्हाचे खटले अजून लागलेले आहेत, काहींना पुढच्या साथीची धास्ती आहे. तेच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतात म्हणून एका जागी आणले. कायदा देशागणिक बदलतो. इथे दिला आहे तो त्यामागचा समान धागा, आणि न्यायालयांनी तो प्रत्यक्षात कसा वापरला याचे दाखले. कोणाला आत्ता ताब्यात घेतलं असेल तर हे वाचत बसू नका, आधी वकील गाठा.

१. साथ आली की निदर्शनं करण्याचा हक्क संपतो का?

नाही. हक्क शाबूत राहतो, त्यावर बंधनं येऊ शकतात. नागरी व राजकीय हक्कांच्या १९६६ च्या आंतरराष्ट्रीय करारातलं २१वं कलम शांततेने एकत्र जमण्याचा हक्क मान्य करतं आणि तिथेच मर्यादांची कारणंही देतं: राष्ट्रीय सुरक्षा, सार्वजनिक सुरक्षितता, सुव्यवस्था, सार्वजनिक आरोग्य किंवा नीतिमत्ता, आणि इतरांचे हक्क. म्हणजे आरोग्याचं कारण सरकारांनी ऐनवेळी शोधून काढलं असं म्हणता येत नाही, ते करारातच आहे. पण बंधन कायद्याने घातलेलं हवं आणि लोकशाही समाजात ते आवश्यक हवं, हेही त्याच वाक्यात लिहिलं आहे. सरकारी पत्रकांत नेमका हा भाग गळतो.

संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने २३ जुलै २०२० रोजी, ऐन साथीत, या कलमाचा अर्थ उलगडणारं सर्वसाधारण भाष्य क्रमांक ३७ स्वीकारलं. संसर्गजन्य रोगाच्या उद्रेकात गर्दी धोकादायक ठरत असेल तर आरोग्याच्या कारणावरून बंधनं घालता येतात, पण ती अपवाद म्हणून, असा त्याचा सूर आहे.

२. जमावबंदी, संचारबंदी, टाळेबंदी हे सगळं एकच ना?

बोलताना एकच, कायद्यात नाही. जमावबंदी म्हणजे ठरावीक आकड्यापेक्षा जास्त लोकांनी एकत्र यायचं नाही. संचारबंदी म्हणजे ठरावीक वेळेत घराबाहेरच पडायचं नाही. 'टाळेबंदी' हे बहुतेक ठिकाणी अनेक आदेशांच्या गाठोड्याला लोकांनी दिलेलं नाव आहे.

निदर्शकांसाठी हा फरक नुसता शब्दांचा नाही. जमावबंदीत एकटा माणूस फलक घेऊन उभा राहिला तर वरकरणी काहीच मोडत नाही. संचारबंदीत मात्र पहिला प्रश्न 'तू घराबाहेर का आलास' हाच असतो, आणि निदर्शन हे बाहेर पडण्याचं मान्य कारण आहे का, ते आदेशाच्या शब्दांवर ठरतं.

म्हणून मूळ आदेश मिळवा. तो कोणत्या कायद्याखाली निघाला, कोणी काढला, कोणत्या भागासाठी आणि कधीपर्यंत, हे त्यात असतं. मंत्र्याचं भाषण हा आदेश नव्हे. सरकारी सल्ला म्हणजेही कायदा नव्हे: इंग्लंडमध्ये २०२० साली दोन मीटर अंतराचा मंत्र सगळीकडे होता, पण तो सल्ला होता, सर्वसामान्यांना लागू असलेला दंडनीय नियम नव्हता. खुद्द पोलिसांचाही यात गोंधळ झाला.

३. बंदी योग्य की अयोग्य हे ठरवतात कसं?

न्यायालयांची भाषा वेगवेगळी असते, पण प्रश्न साधारण तेच असतात. बंदीला कायद्याचा आधार आहे का? हेतू खरोखर आरोग्याचा आहे का? या बंदीने तो हेतू साधतो का? याहून सौम्य उपायाने भागलं असतं का? आणि शेवटी, रोगापेक्षा औषध जालीम तर होत नाही ना? १९८४ साली सिसिलीतल्या सिराक्यूझा इथे तज्ज्ञांनी मांडलेली तत्त्वं आजही या चाचणीचा पाया मानली जातात.

पहिल्याच पायरीवर सरकार घसरल्याची उदाहरणं आहेत. पोलंडच्या संविधानात नैसर्गिक आपत्तीची स्थिती जाहीर करण्याची सोय आहे. सरकारने ती न जाहीर करता नुसत्या नियमावलीने मूलभूत हक्कांवर बंधनं घातली, आणि पुढे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अशा दंडांच्या प्रकरणांत कायदेशीर आधारच अपुरा असल्याचं म्हटलं. रोग खरा होता, पण कागद चुकीचा होता.

बाकी लढाई बहुतेक वरच्या चौथ्या, म्हणजे सौम्य उपायाच्या, प्रश्नावर होते. मोकळ्या हवेत, मास्क लावून, अंतर ठेवून उभं राहणं आणि बंद सभागृहात दाटीवाटीने बसून घोषणा देणं यांतला धोका सारखा नाही. कोविडबद्दल हे लवकरच स्पष्ट झालं होतं. पुढची साथ डासांमुळे किंवा दूषित पाण्यामुळे पसरणारी असेल तर जमावबंदीचा युक्तिवादच वेगळा, कदाचित लंगडा ठरेल. रोग पसरतो कसा, यावर बंदीचं समर्थन उभं असतं.

४. सरकारने अधिकृत आणीबाणीच जाहीर केली तर?

तर काही हक्क तात्पुरते बाजूला ठेवता येतात. वरच्या कराराच्या ४थ्या कलमात तशी सोय आहे आणि एकत्र जमण्याचा हक्क त्यातून सुटलेला नाही. जगण्याचा हक्क, छळापासून संरक्षण, विचारस्वातंत्र्य यांना मात्र आणीबाणीतही हात लावता येत नाही. शिवाय असं पाऊल उचलणाऱ्या राष्ट्राने संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांमार्फत इतर सदस्य राष्ट्रांना कळवावं लागतं.

युरोपात २०२० साली लात्विया, एस्टोनिया, रोमानिया, जॉर्जिया अशा काही देशांनी युरोपीय मानवी हक्क करारातल्या समांतर सोयीचा वापर केल्याचं कळवलं. जर्मनी, फ्रान्स आणि ब्रिटनने कळवलं नाही, नेहमीच्या मर्यादांच्या चौकटीतच काम केलं. मानवी हक्क समितीचंही म्हणणं तेच होतं: साध्या बंधनाने भागत असेल तर हक्क बाजूला ठेवू नका. आणीबाणी जाहीर झाली तरी प्रश्न ३ मधली चाचणी संपत नाही, फक्त सैल होते.

५. सरसकट बंदी कधीच चालत नाही का?

'कधीच' म्हणता येणार नाही, पण सरसकट बंदीचं ओझं सरकारला फार जड जातं. इथे थोडं थांबतो, कारण बाकीच्या अर्ध्या प्रश्नांची उत्तरं यातून निघतात.

एप्रिल २०२० मध्ये जर्मनीतल्या गीसन शहरात काही लोकांना निर्बंधांविरुद्ध निदर्शनं करायची होती. साधारण तीस माणसं अपेक्षित होती आणि अंतर राखण्याची तयारी होती. शहर प्रशासनाने नकार दिला. कारण काय, तर राज्याच्या नियमावलीने दोनपेक्षा जास्त माणसांचं एकत्र येणं बंद केलं आहे, आमच्या हातात काही नाही. १५ एप्रिल २०२० रोजी जर्मनीच्या संघीय संविधान न्यायालयाने प्रशासनाचा कान धरला. निदर्शन झालंच पाहिजे असं न्यायालय म्हणालं नाही. या विशिष्ट निदर्शनाचा तुम्ही विचारच केला नाही, निर्णय घेण्याची मुभा असताना ती वापरलीच नाही, हा दोष होता. फेरविचार करा, असा आदेश निघाला. युरोपात मृत्यूंचे आकडे चढत असतानाचा हा आदेश आहे, हे विसरू नये.

फ्रान्समध्ये १३ जून २०२० रोजी सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने, म्हणजे कॉन्सेय द'एताने, दहाहून अधिक लोकांच्या जमावावरची बंदी निदर्शनांपुरती स्थगित केली. काळजीचे नियम पाळता येत असतील तर सरसकट मनाई समर्थनीय नाही, असं कारण दिलं. सरकारने मग आधी परवानगी घेण्याची अट आणली. ६ जुलैला न्यायालयाने तीही स्थगित केली.

लंडनमध्ये मार्च २०२१ मध्ये एका तरुणीच्या खुनानंतर क्लॅपहॅम कॉमनवर स्मरणसभा घ्यायचं काही महिलांनी ठरवलं. पोलिसांच्या भूमिकेमुळे आणि १०,००० पौंडांच्या दंडाच्या टांगत्या तलवारीमुळे त्यांनी ती रद्द केली. वर्षभराने, मार्च २०२२ मध्ये, उच्च न्यायालयाने आयोजकांच्या हक्कांचा भंग झाल्याचा निकाल दिला. दोष पुन्हा तोच: पोलिसांनी त्या सभेची कारणं, धोका आणि संभाव्य अटी नीट तोललेच नाहीत.

तिन्ही ठिकाणी कायदे वेगळे, न्यायालयं वेगळी, पण एकच गोष्ट पुढे येते. 'नियम आहे, बस' म्हणणारं प्रशासन अडचणीत येतं. समोरच्या अर्जाचा खरोखर विचार करून, कारणं लिहून नकार देणारं प्रशासन सहसा टिकतं (प्रश्न १२ मधलं जर्मनीतल्या ब्रेमेन शहराचं प्रकरण पाहा).

स्वित्झर्लंडचं प्रकरण नेहमी अर्धवट सांगितलं जातं. जिनिव्हातल्या एका कामगार संघटनेच्या बाजूने युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने १५ मार्च २०२२ रोजी निकाल दिला, तो सगळीकडे फिरला. पण २७ नोव्हेंबर २०२३ रोजी त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठाने तक्रार दाखल करून घेण्याजोगीच नाही असं ठरवलं, कारण संघटनेने आधी देशातल्या न्यायालयांत दाद मागितली नव्हती. तेव्हा तो २०२२ चा निकाल आधार म्हणून कोणी पुढे केला तर सावध व्हा. आणि धडा घ्या: घरच्या न्यायालयाची पायरी टाळू नका.

६. परवानगी घ्यावी लागते की नुसतं कळवलं तरी चालतं?

सर्वसाधारण भाष्य ३७ नुसार हक्क बजावण्यासाठी परवानगी मागायला लावणं ही मूळ कल्पनाच चुकीची आहे. पूर्वसूचना मागता येते, ती वाहतूक आणि बंदोबस्ताची सोय व्हावी म्हणून. सूचना दिली नाही एवढ्यावरून निदर्शन बेकायदा ठरवून पांगवणंही त्यात बसत नाही. अनेक देशांचे कायदे मात्र उघडपणे परवानगीच मागतात. तुमच्या इथला नियम काय, ते आधी पाहा आणि अर्जाची पोच घ्या. पोच नसलेला अर्ज न्यायालयात फारसा उपयोगी पडत नाही.

७. अर्जात काय लिहावं म्हणजे नाकारणं अवघड जाईल?

प्रशासनाला 'विचार करायला' भाग पाडेल असं लिहा. 'आम्ही सर्व नियम पाळू' हे वाक्य सगळेच लिहितात, त्याला वजन नाही. जागेची लांबी-रुंदी, तेवढ्या जागेत किती माणसं किती अंतरावर उभी राहतील, येण्या-जाण्याचे रस्ते, स्वयंसेवकांची संख्या, जास्त लोक आले तर काय करणार, ध्वनिक्षेपक असेल तर ओरडावं लागणार नाही ही बाब, कार्यक्रम किती वेळाचा आहे, हे लिहा. नकाशा जोडा. हीच तारीख आणि हीच जागा का, हेही लिहा. विधेयकावर उद्या मतदान असेल तर दोन महिन्यांनी निदर्शन करण्यात अर्थ नसतो, आणि न्यायालयाला हे पटतं.

शेवटी एक ओळ टाका: ही योजना मान्य नसेल तर कोणत्या बदलांसह मान्य होईल ते कळवावं. उत्तर आलं तर वाटाघाट सुरू झाली. न आलं तर सौम्य पर्याय तपासले नाहीत याचा पुरावा तुमच्या हाती आला.

८. मर्यादा ५० ची आहे आणि २०० लोक आले. आता सगळेच गुन्हेगार का?

आपोआप नाही, पण परिस्थिती नाजूक होते. आयोजकाने वेळीच घोषणा करून लोकांना विखुरलं, दोन-तीन जागी विभागलं किंवा कार्यक्रम आटोपता घेतला तर त्याची बाजू भक्कम राहते. आकडा मुद्दाम फुगवला असेल तर नाही. प्रत्येक सहभागी माणसाची जबाबदारी मात्र त्याच्या वर्तनापुरतीच पाहायला हवी. शेजारच्याने मास्क काढला म्हणून तुमचा हक्क जात नाही.

९. बाजार खुले, प्रचारसभा खुल्या आणि आमचं धरणं तेवढं बंद. हा भेदभाव नाही का?

असू शकतो, आणि न्यायालयात हा युक्तिवाद तगडा असतो. तुलना मात्र नीट करा. दुकानात माणूस काही मिनिटं थांबतो, धरण्यावर तासन्‌तास, असं सरकार म्हणेल. त्यामुळे ज्याच्याशी तुलना कराल तिथला वेळ, जागा आणि गर्दी निदर्शनासारखी हवी. सत्ताधाऱ्यांची मिरवणूक ही त्या दृष्टीने उत्तम तुलना आहे, भाजीबाजार नाही.

अमेरिकेत हा वाद प्रार्थनास्थळांवरून पेटला. जुलै २०२० मध्ये नेवाडातल्या एका चर्चने तक्रार केली की जुगारघरांना निम्म्या क्षमतेने परवानगी आणि आम्हाला फक्त ५० माणसांची. सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी हस्तक्षेप नाकारला. २५ नोव्हेंबर २०२० रोजी न्यूयॉर्कच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने, पुन्हा ५ विरुद्ध ४ मतांनी, प्रार्थनास्थळांवरची कडक मर्यादा रोखली. मधल्या काळात एक न्यायमूर्ती बदलले होते. तेव्हा 'न्यायालय काय म्हणेल' याचं उत्तर कधी कधी 'कोणतं न्यायालय, कोणत्या महिन्यात' यावर असतं, हे कबूल करायला हवं.

१०. एकीकडे मास्कची सक्ती, दुसरीकडे निदर्शनांत चेहरा झाकायला बंदी. पाळायचं काय?

हा प्रश्न गमतीचा वाटतो, पण हाँगकाँगमध्ये तो खरोखर उभा राहिला. ऑक्टोबर २०१९ मध्ये आंदोलनांत चेहरा झाकण्यावर बंदी आली, आणि काही महिन्यांत साथीमुळे मास्क सक्तीचा झाला. डिसेंबर २०२० मध्ये तिथल्या अंतिम अपील न्यायालयाने चेहरा झाकण्यावरची बंदी वैध ठरवली. अशा कायद्यांत आरोग्याचं कारण बहुधा अपवाद म्हणून दिलेलं असतं, ते शोधा. साधा वैद्यकीय मास्क लावा, डोक्यापासून हनुवटीपर्यंत गुंडाळून घेऊ नका. पोलिसांनी ओळख पटवण्यापुरता मास्क खाली करायला सांगितलं तर अंतर ठेवून तेवढं करा.

११. एकट्याने फलक धरणं, गाड्यांचा मोर्चा, ऑनलाइन निदर्शन: यांनाही बंदी लागू होते का?

ऑनलाइन निदर्शनालाही २१व्या कलमाचं संरक्षण आहे, असं भाष्य ३७ स्पष्ट म्हणतं. म्हणून निदर्शनाच्या दिवशी इंटरनेट तोडणं हाही हक्काचाच प्रश्न होतो. पण 'ऑनलाइन करा की' हे सरकारने रस्त्यावरचं निदर्शन नाकारण्याचं उत्तर होऊ शकत नाही. ज्याच्या दारात आवाज पोचायला हवा, तो पडदा बंद करून बसू शकतो.

गाड्यांबद्दल मतं फुटली. एप्रिल २०२० मध्ये वॉर्सात गर्भपाताच्या कडक कायद्याविरुद्ध महिलांनी गाड्यांचे भोंगे वाजवत चौक अडवला, काही जणी दुकानाबाहेरच्या रांगेत अंतर ठेवून फलक घेऊन उभ्या राहिल्या. रांग तर कायदेशीर होती! त्याच महिन्यात स्पेनमधल्या विगो शहरात एका कामगार संघटनेने १ मेसाठी गाड्यांचा मोर्चा मागितला, प्रत्येक गाडीत एकच माणूस. तरीही बंदी कायम राहिली आणि ३० एप्रिलला तिथल्या संविधान न्यायालयाने संघटनेची याचिका दाखल करून घेतली नाही. मला हा निर्णय पटत नाही, पण तो आहे.

१९ एप्रिल २०२० रोजी तेल अवीवच्या राबिन चौकात दोन हजारांहून अधिक लोक दोन-दोन मीटरवर आखलेल्या खुणांवर उभे राहिले. पुढे साथ वाढल्यावर इस्रायलच्या संसदेने सप्टेंबर २०२० अखेर घरापासून एक किलोमीटरच्या आतच निदर्शन करता येईल असा कायदा केला. लोकांनी मग आपापल्या नाक्यावर आणि पुलावर निदर्शनं सुरू केली. एप्रिल २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती मर्यादा अवैध ठरवली.

मॉस्कोत एकट्याने फलक धरून उभं राहणंही साथीच्या नियमांखाली रोखलं गेलं. एकटा माणूस कोणाला लागण देणार, याचं उत्तर आरोग्यशास्त्रात सापडत नाही. तिथे प्रश्न ३ मधली 'हेतू खरा आहे का' ही पायरी आठवा.

१२. निर्बंधांच्याच विरोधात निदर्शन आहे. मास्क न लावणं हाच आमचा निषेध. चालेल?

विषयावरून कोणी अडवू शकत नाही. निर्बंधांना विरोध हे मतच आहे, आणि गीसनमधले निदर्शकही निर्बंधांविरुद्धच होते. पण नियम मोडणं हीच निदर्शनाची पद्धत असेल तर चित्र बदलतं, कारण सौम्य उपायांचा सगळा युक्तिवाद 'आम्ही काळजी घेऊ' यावर उभा असतो. ती फांदी तुम्ही स्वतःच तोडता.

डिसेंबर २०२० मध्ये ब्रेमेनमध्ये अशाच एका निदर्शनाला सुमारे २०,००० लोक येतील असं धरलं होतं. बंदी आली. त्याच संविधान न्यायालयाने, ज्याने गीसनला दिलासा दिला होता, या वेळी हस्तक्षेप नाकारला. आधीच्या अशा कार्यक्रमांत अटी पाळल्या गेल्या नव्हत्या, हा अनुभव प्रशासनाच्या बाजूने गेला.

१३. आमचं धरणं साथीच्या आधीपासून चालू आहे. उठावं लागेल का? आणि भारतात हे कसं बसतं?

आधीपासून बसल्याने वेगळा हक्क मिळत नाही, पण हटवण्याआधी संवाद आणि पर्यायी जागेचा विचार अपेक्षित असतो. दिल्लीतलं शाहीन बागचं धरणं डिसेंबर २०१९ पासून चालू होतं. ते २४ मार्च २०२० रोजी, देशव्यापी टाळेबंदीच्या तोंडावर उठवलं गेलं. सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २०२० रोजी सार्वजनिक रस्ते बेमुदत अडवता येणार नाहीत असं म्हटलं. तो निकाल रस्त्याच्या वापराबद्दल आहे, साथीबद्दल नाही. दोन्ही गोष्टी एकत्र करू नका. त्याच न्यायालयाने १७ डिसेंबर २०२० रोजी, साथ चालू असताना, दिल्लीच्या सीमेवरच्या शेतकऱ्यांचा अहिंसक निदर्शनाचा हक्क मान्य केला.

भारतीय संविधानाचं कलम १९(१)(ख) शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क देतं. १९(३) मध्ये मर्यादेची कारणं दोनच: देशाची सार्वभौमता व एकात्मता, आणि सार्वजनिक सुव्यवस्था. आरोग्य हा शब्द तिथे नाही. त्यामुळे सरकारला सुव्यवस्थेचा आणि इतरांच्या जीविताच्या हक्काचा आधार घ्यावा लागतो. प्रत्यक्षात आदेश निघाले ते १८९७ चा साथरोग कायदा, २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा आणि फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १४४ यांखाली. १८९७ चा कायदा मुंबई इलाख्यातल्या प्लेगसाठी घाईघाईने केलेला, त्यात नागरिकांच्या हक्कांबद्दल चकार शब्द नाही.

१४४ ची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ ने घेतली आहे. असा आदेश दोन महिन्यांपेक्षा जास्त चालत नाही, राज्य सरकारने वाढवला तर त्यापुढे आणखी सहा महिने. तो प्रसिद्ध करावा लागतो आणि रास्त मतभेद दडपण्यासाठी वापरता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी, म्हणजे साथीच्या आधीच, बजावलं होतं.

१४. पोलिसांनी पांगायला सांगितलं तर?

जागेवर वाद घालून खटला जिंकता येत नाही. कोणता आदेश, कोणी दिला, किती वाजता, हे शांतपणे विचारा आणि लिहून ठेवा. शक्य असेल तर व्हिडिओ घ्या. बाहेर जायचा रस्ता मोकळा होता का, हे खास नोंदवा. साथीच्या नावाखाली गर्दी पांगवताना लोकांना कडं करून तासन्‌तास कोंडणं किंवा एकाच गाडीत दाटीने भरून ठाण्यात नेणं हे त्याच आरोग्याच्या कारणाला हरताळ फासणारं आहे, आणि नंतर दाद मागताना हा मुद्दा उपयोगी पडतो.

'शांततामय' याचा अर्थ 'कोणाला त्रास न होणारं' असा नाही. धक्काबुक्की किंवा वाहतूक खोळंबणं म्हणजे हिंसा नव्हे, असं भाष्य ३७ सांगतं.

१५. बंदी नंतर अवैध ठरली. तेव्हा भरलेला दंड परत मिळतो का?

कधी कधी. स्पेनच्या संविधान न्यायालयाने जुलै २०२१ मध्ये २०२० च्या टाळेबंदीतला काही भाग असंवैधानिक ठरवला, आणि त्याआधारे ठोठावलेले दंड रद्द करण्याची वेळ सरकारवर आली. पण सगळीकडे असं होत नाही. दंड निमूट भरला तर काही देशांत तो गुन्ह्याची कबुली मानला जातो किंवा आव्हानाची मुदत निघून जाते. म्हणून भरण्याआधी मुदत तपासा.

भारतात लोकसेवकाचा आदेश मोडल्याचा गुन्हा (आधी भारतीय दंड संहितेचं कलम १८८, आता भारतीय न्याय संहितेचं कलम २२३) असेल तर न्यायालयाला दखल घेण्यासाठी संबंधित लोकसेवकाची लेखी तक्रार लागते. नुसत्या पोलीस अहवालावर प्रकरण उभं असेल तर वकिलाला हा मुद्दा जरूर दाखवा.

१६. मी आयोजक आहे. आलेल्या कोणाला लागण झाली तर मी जबाबदार? आणि उपस्थितांची यादी ठेवू का?

लागण नेमकी कुठे झाली हे सिद्ध करणं अवघड असतं, त्यामुळे थेट जबाबदारी सहसा बसत नाही. अटी मोडल्याची जबाबदारी मात्र बसू शकते. ती टाळायची तर प्रश्न ७ मधली योजना कागदावरच न ठेवता राबवा आणि फोटो काढून ठेवा.

यादीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: कायद्याने सक्ती नसेल तर ठेवू नका. आरोग्यासाठी गोळा केलेली माहिती पोलिसांपर्यंत जाते. सिंगापूरमध्ये संपर्क शोधण्याच्या ॲपची माहिती फक्त साथीसाठी वापरू असं सांगितलं गेलं होतं. जानेवारी २०२१ मध्ये सरकारनेच मान्य केलं की गुन्ह्यांच्या तपासात पोलीस ती मिळवू शकतात. ओरड झाल्यावर मर्यादा घालणारा कायदा आला. सक्ती असेल तर यादी बंद पाकिटात, ठरावीक दिवसांनी नष्ट करण्याच्या लेखी नोंदीसह ठेवा.

१७. पत्रकार आणि निरीक्षक आकड्यात धरले जातात का?

धरू नयेत. वार्तांकन आणि निरीक्षण करणाऱ्यांना वेगळं संरक्षण आहे आणि निदर्शन पांगवल्यावरही त्यांना तिथे थांबता यायला हवं. ओळखपत्र दिसेल असं लावा.

१८. साथ ओसरली, बाकी सगळं सुरू झालं, पण निदर्शनांवरची बंदी तशीच आहे. काय करायचं?

आवश्यकता ही तारखेनिशी तपासायची गोष्ट आहे. मार्चमध्ये आवश्यक असलेलं बंधन ऑगस्टमध्ये आवश्यक असेलच असं नाही. इंग्लंडच्या पहिल्या नियमावलीत दर २१ दिवसांनी फेरआढावा घेण्याची अट होती. तुमच्या आदेशात तशी अट किंवा शेवटची तारीख आहे का पाहा. नसेल तर तोच आव्हानाचा पहिला मुद्दा. माहिती अधिकारात शेवटचा आढावा कधी झाला आणि कोणत्या आकडेवारीवर, हे विचारा. दुसऱ्या कोणत्या कार्यक्रमांना त्याच काळात परवानगी दिली, तेही मागा (प्रश्न ९).

अशा बंदीचं शेवटचं टोक पाहायचं असेल तर हाँगकाँग पाहा. तिथे व्हिक्टोरिया पार्कमध्ये दर ४ जूनला १९८९ च्या तियानआनमेन हत्याकांडाच्या स्मरणार्थ मेणबत्त्या घेऊन लोक जमत. २०२० साली, तीस वर्षांत पहिल्यांदा, ती सभा साथीचं कारण देऊन नाकारली गेली. २०२१ मध्ये पुन्हा तेच कारण. २०२३ च्या जूनपर्यंत साथीचे निर्बंध उठले होते. त्या दिवसांत त्याच बागेत सरकारधार्जिण्या संघटनांची जत्रा भरली होती.